आपला सिनेटर कोण?

पोस्ट लांब आहे. पाऊस आहे, लाईट गेलेली नसेल तर चहा ठेवा आणि सावकाश वाचा. विषय राजकारणाचा आहे, पण कुठल्या एका पक्षाचा नाही. आपल्या सगळ्यांच्या वाटणीच्या एका खुर्चीचा आहे.

गेल्या महिन्यात माझा शाळेतला एक मित्र अमेरिकेतून आला होता. न्यू जर्सीला राहतो, आता तिकडचा नागरिक झालाय, तिकडे मत देतो. नागावला त्याची वडिलोपार्जित वाडी आहे. संध्याकाळी त्याच्या ओटीवर बसलो होतो. बोलता बोलता त्याने विचारलं, "काय रे, इकडे आपला स्टेट सिनेटर कोण?"

मी हसलो. म्हटलं, "बाबा, आमच्याकडे सिनेट विद्यापीठाची असते."

"तसं नाही रे. राज्याचं वरचं सभागृह. तुमची ती विधान परिषद. तिथे आपल्या भागातून कोण आहे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वीसेक वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. कुठल्या वॉर्डात कोण उभा होता, कोण किती मतांनी पडला, हे लोक मला फोन करून विचारतात. आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर होतं, कोणी नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांची जी जागा विधान परिषदेत आहे, ती मे २०२४ अखेर रिकामी झाली होती. वर्ष उलटून गेलं होतं. गावात कोणाला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी जरा लाज वाटली, कारण एवढ्या वर्षात या रिकाम्या खुर्चीवर मी एक धड बातमी केली नव्हती.

म्हणून ही पोस्ट.

मित्राकडची गोष्ट आधी सांगतो. न्यू जर्सी राज्याचे ४० भाग पाडलेत. प्रत्येक भागातून एक सिनेटर आणि खालच्या सभागृहाचे दोन सदस्य. दोघांनाही लोक थेट मत देतात. पदवी लागत नाही, नगरसेवक असावं लागत नाही. २०२१ साली तिथे एडवर्ड डर नावाच्या ट्रकचालकाने सिनेटच्या अध्यक्षांनाच, स्टीव्ह स्वीनी यांना, निवडणुकीत पाडलं. दोन वर्षांनी लोकांनी डर यांनाही घरी पाठवलं. तिकडे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पैसा तिकडेही चालतो. पण आपला सिनेटर कोण हे त्या माणसाला माहीत असतं, आणि त्याला पाडायचं कसं हेही माहीत असतं.

आपल्याकडे विधानसभेचं तसं आहे. अलिबागचा आमदार कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. २०१४ ला शेकापचे पंडित पाटील होते, २०१९ ला आणि २०२४ ला शिवसेनेचे महेंद्र दळवी. आपण पाडतो, आपण निवडतो. विधान परिषदेचं गणित मात्र वेगळं, आणि ते आपल्याला कधी कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातले ३० जण आमदार निवडतात. १२ जण राज्यपाल नेमतात. ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे. आणि उरलेले २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, म्हणजे जिल्हा परिषद, नगर परिषद, महापालिका यांच्या सदस्यांनी निवडलेले. आमदारांचे आणि राज्यपालांचे सोडा, तिथे तुमचा-माझा संबंध नाही. उरले तीन दरवाजे. या तीन दरवाजांसमोर नागावचा माणूस कुठे उभा आहे, ते बघू.

पहिला दरवाजा पदवीधरांचा. कोकण पदवीधर मतदारसंघात पाच जिल्हे येतात. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथे एक कोटी साठ लाखांच्या वर माणूस राहतो. जून २०२४ च्या निवडणुकीत मतदार किती होते? २ लाख २३ हजार २२५. त्यात ठाण्याचे ९८ हजार ८६०, रायगडचे ५४ हजार २०८, पालघरचे २८ हजार ९२५, रत्नागिरीचे २२ हजार ६८१ आणि सिंधुदुर्गचे १८ हजार ५५१. एकट्या ठाण्याचे मतदार रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त. मग उमेदवार प्रचाराला कुठे फिरणार, ते तुम्हीच ठरवा. त्या निवडणुकीत भाजपचे निरंजन डावखरे काँग्रेसच्या रमेश कीर यांना हरवून तिसऱ्यांदा निवडून आले. पहिल्यांदा, २०१२ ला, ते राष्ट्रवादीकडून आले होते. त्याआधी हा मतदारसंघ भाजपकडे होता; अशोक मोडकांनी तो १२ वर्षं राखला होता.

या यादीची एक गंमत आहे. विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागलं की राहतं. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते. पुन्हा फॉर्म, पुन्हा पदवीची प्रत, पुन्हा साक्षांकन. मागच्या वेळी मतदान केलं होतं, म्हणून नाव असेलच, असं समजून गेलेले कितीतरी जण केंद्रावरून परत येतात. ज्याच्याकडे माणसं आहेत, ऑफिस आहे, फॉर्म गोळा करायची यंत्रणा आहे, तो अर्धी निवडणूक नोंदणीतच जिंकतो. बाकी प्रचार वगैरे नंतरचं.

आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. माझ्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर घरची परिस्थिती बघून एक वर्षाचा कोर्स केला आणि पेपरात चिकटलो. हा डिप्लोमा पदवीत धरत नाहीत. म्हणजे या निवडणुकीच्या बातम्या मी दर सहा वर्षांनी लिहितो, उमेदवारांच्या मुलाखती घेतो, पण मत मी एकदाही दिलेलं नाही. २६ जून २०२४ ला भर पावसात बायकोला स्कूटरवरून केंद्रावर सोडलं. ती पदवीधर. आत जाऊन तिने जांभळ्या स्केचपेनने आकडा लिहिला. तिथे शिक्का नाही, बरोबरची खूण चालत नाही, एक, दोन, तीन असा पसंतीक्रमच लिहावा लागतो, आणि केंद्रावर दिलेल्या त्याच पेनने. मी बाहेर रेनकोट घालून फोटो काढत उभा. घरी येताना ती म्हणाली, "तुम्ही एवढं सगळ्यांना समजावता आणि तुम्हालाच आत घेत नाहीत." विनोदाने म्हणाली, पण लागलं.

दुसरा दरवाजा शिक्षकांचा. हाही पाच जिल्ह्यांचा. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत मतदार अडतीस हजारांच्या आसपास होते आणि मतदान नव्वद टक्क्यांवर गेलं. भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेकापचे बाळाराम पाटील यांना हरवलं. बाळाराम पाटील २०१७ ला निवडून आले होते. त्याआधी भाजपचे रामनाथ मोते होते. पण इथेही एक अट आहे. मत फक्त माध्यमिक आणि त्यापुढच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीच्या पोरांना हात धरून 'ग' गिरवायला लावणारे गुरुजी किंवा बाई शिक्षक मतदारसंघाच्या मतदारच नाहीत! गावातल्या एका बाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. तीस वर्षं शाळेत काढली त्यांनी. जनगणना केली, मतदार याद्या केल्या, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या. पण शिक्षकांचा आमदार निवडायला त्या शिक्षक नाहीत.

तिसरा दरवाजा आपला. म्हणजे असायला हवा होता. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघ. इथे ठाणे नाही, आपलेच तीन समुद्रकाठचे जिल्हे. नाव वाचून वाटेल की गावाच्या कारभाऱ्यांचा मतदारसंघ. पण ग्रामपंचायत सदस्याला इथे मत नाही. सरपंचालाही नाही. आपल्याकडे जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती, नगरसेवक यांनाच मत. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यही या निवडणुकीत मत देतात, त्यामुळे तिथे उमेदवाराला खेडोपाडी फिरावं लागतं. आपल्याकडे तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ ला जवळपास ५१ लाख, आणि २०१८ च्या निवडणुकीत मतदार होते नऊशे-साडेनऊशे. साडेपाच हजार माणसांमागे एक मतदार म्हणा ना.

एवढे कमी मतदार असले की काय होतं, ते मी बातमीदार म्हणून पाहिलंय. मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी फोन बंद व्हायला लागतात. 'सहलीला गेलेत' असं घरून उत्तर येतं. एसी बस, कुठलंतरी रिसॉर्ट, आणि मतदानाच्या दिवशी सगळे एकाच रंगाचे शर्ट घालून रांगेत. कुठल्या पक्षाचं म्हणत नाही. सगळ्या रंगाच्या बस पाहिल्यात.

२०१२ ला इथून राष्ट्रवादीचे अनिल तटकरे निवडून आले. २०१८ ला त्यांचे पुतणे अनिकेत तटकरे. त्यांनी शिवसेनेच्या राजीव साबळे यांना जवळपास दुप्पट मतांनी हरवलं. त्या वेळचं गणित समजायला २०१७ ची रायगड जिल्हा परिषद आठवा. ५९ जागा. शेकाप २३, शिवसेना १८, राष्ट्रवादी १२, काँग्रेस ३, भाजप ३. शेकाप-राष्ट्रवादी एकत्र आले, आदिती तटकरे अध्यक्ष झाल्या. वर्षभराने तीच बेरीज विधान परिषदेला चालली. म्हणजे आपण २०१७ ला जिल्हा परिषदेचं बटण दाबलं, तेव्हा नकळत विधान परिषदेचा आमदारही अर्धामुर्धा निवडला होता. मत आडमार्गाने का होईना, पोचत होतं.

ते 'पोचणं' का महत्त्वाचं, यासाठी थोडं मागे जाऊ. आपल्या जिल्ह्याला, जुन्या कुलाब्याला, कायदेमंडळ म्हणजे काय ते पुस्तकातून कळलेलं नाही.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशाने बांधलेली आणि सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव मंजूर झाला. पण कौन्सिलातला ठराव कागदावर राहतो. तो खाली उतरवला महाड नगरपालिकेने. सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष असताना १९२४ ला नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. तरीही पाणी मिळेना, तेव्हा २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले. वर कौन्सिल, मध्ये नगरपालिका, खाली माणसं. तिन्ही कड्या जोडल्या तेव्हा इतिहास घडला. मधली कडी नसती, तर महाडला हातात धरायला ठराव तरी कुठला होता?

दुसरी गोष्ट आपल्याच तालुक्यातली. चरी. पोयनाडकडे जाताना लागतं ते गाव. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय झाला. २५ गावांतल्या कुळांनी सहा वर्षं नांगर टेकवून ठेवला. लोकांनी लाकडं फोडली, करवंदं विकली, उपाशी राहिले, पण शेतात उतरले नाहीत. १९३४ ला बाबासाहेब चरीला येऊन गेले. सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या वेळचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, आणि १९३९ ला कुळ कायदा आला. तेव्हा चरीचा माणूस अंगठा उठवणारा होता, पण आपलं दुखणं कुठल्या घरात मांडलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि वरचं सभागृह जन्माला आलं तेही याच १९३७ साली. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई प्रांतात दोन सभागृहं झाली आणि जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये विधान परिषद पहिल्यांदा बसली. तीसच्या आत-बाहेर सदस्य. मतदार कोण? मोठी मालमत्ता असलेले, किताबवाले, मोठी पदं भूषवलेले. संप करणाऱ्या कुळाला त्या घरात मत नव्हतं. खोताला असू शकत होतं.

स्वातंत्र्यानंतर घटना लिहिताना वरचं सभागृह हवं की नको, यावर वाद झाला. ठेवायचं ज्या प्रांतांनी ठरवलं, त्यात मुंबई होती. पण मालमत्तेची अट गेली, आणि त्या जागी एक चांगली कल्पना आली. एक तृतीयांश जागा नगरपालिका, जिल्हा मंडळं अशा स्थानिक संस्थांना. म्हणजे गावगाड्याचा अनुभव थेट राज्याच्या सभागृहात जावा. महाडची ती मधली कडी घटनेत बसवली गेली, असं मी समजतो. पदवीधर-शिक्षकांचा दरवाजा शिकलेल्यांना मान म्हणून ठेवला गेला. तेव्हा साक्षरताच इतकी कमी होती की पदवीधर म्हणजे तालुक्यात बोटावर मोजण्याएवढे. आता दर घरात एक आहे, तरी दरवाजा तेवढाच अरुंद.

कोणी म्हणेल, मग हवं कशाला हे सभागृह? देशात आता सहाच राज्यांत विधान परिषद उरलीय. तामिळनाडूने १९८६ ला बंद केली, पश्चिम बंगालने १९६९ लाच. पडलेल्या उमेदवारांची सोय, नाराजांचं पुनर्वसन, असं लोक म्हणतात, आणि सगळंच खोटं नाही. पण याच सभागृहात वि. स. पागे १८ वर्षं सभापती होते. रोजगार हमी ही त्यांची कल्पना. दुष्काळात मजुराला कामाचा हक्क कायद्याने द्यायचा, हे आधी महाराष्ट्राने केलं, १९७७ ला कायदा केला, आणि २००५ ला देशाने उचललं. याच सभागृहात ग. प्र. प्रधान सर पुणे पदवीधरमधून १८ वर्षं बसले. घर वाईट नसतं. आत कोण बसतं आणि त्याला कोण पाठवतं, यावर असतं.

आपल्या घरच्या उदाहरणावर येतो. ३ जून २०२०. निसर्ग वादळ.  त्या दुपारी नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यात माणसं दारं आतून धरून बसली होती. वारा पडल्यावर बाहेर आलो तर वाड्या ओळखू येईनात. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडलेल्या. आजोबांनी लावलेले माड आडवे. पहिली मदत जाहीर झाली बागायतीला हेक्टरी ५० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे हेक्टरात वाडी कोणाची? पाच गुंठे, आठ गुंठे, त्यात भावांच्या वाटण्या. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये! एका गुंठ्यात किती सुपाऱ्या उभ्या असतात, हे मंत्रालयातल्या टेबलाला कसं कळणार? पडलेलं झाड तोडून बाजूला करायलाच त्याहून जास्त मजुरी लागत होती.

तेव्हा ओरड झाली. सरपंच जिल्हा परिषद सदस्याकडे गेले, सदस्य वर बोलले, सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली, की मदत झाडामागे द्या. आणि सरकारने ऐकलं. सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाच्या झाडाला २५० रुपये असं ठरलं. रक्कम पुरेशी नव्हतीच. जो माड सात-आठ वर्षांनी फळ देतो, त्याची किंमत अडीचशे होत नाही. पण मोजायची पट्टी बदलली, ही मोठी गोष्ट होती. हेक्टरचं गुंठ्यात आणि गुंठ्याचं झाडात भाषांतर करणारी माणसं तेव्हा खुर्चीत होती. जिल्हा परिषद होती. विधान परिषदेत आपल्या तीन जिल्ह्यांची जागा भरलेली होती.

जिल्हा परिषद नसताना तसंच वादळ आलं असतं तर?  सरपंच गेले असते कोणाकडे?

रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आला. नगर परिषदांचंही तेच. कारणं तुम्ही पेपरात वाचलीत. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या, मग आयोग, मग प्रभागरचना, सरकार बदललं की पुन्हा नवी प्रभागरचना, मग तारीख पे तारीख. ग्रामपंचायतींच्या निवडणुका २०२२ आणि २०२३ मध्ये झाल्या. नेमकी मधली कडी तेवढी निसटली.

आणि मधली कडी निसटली की वरची आपोआप सुटते. निवडणूक आयोगाचा दंडक आहे, की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के स्थानिक संस्था चालू असतील आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असतील, तरच विधान परिषदेची ही निवडणूक घ्यायची. जिल्हा परिषदाच नव्हत्या, तर मतदार कुठून आणणार? म्हणून अनिकेत तटकरे यांची मुदत संपली तेव्हा त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आपण एकटे नव्हतो. राज्यातल्या अशा २२ जागांपैकी बहुतेक जागा २०२५ मध्ये रिकाम्या होत्या. पण विधान परिषद चालूच राहिली, विधेयकं मंजूर होतच राहिली. आमदारांनी निवडलेले, नेमलेले आणि पदवीधर-शिक्षकांचे आत होते, आणि गावाशहरांच्या कारभाऱ्यांनी निवडलेल्यांची बहुतेक बाकं मोकळी. घटनेत जी कल्पना सगळ्यात चांगली होती, तीच बंद पडली.

त्यात जुलै २०२४ ला आपल्या पेझारीचे जयंत पाटील आमदारांच्या कोट्यातून हरले. ११ जागा, १२ उमेदवार, आणि त्यांना १२ मतं. त्यांचं राजकारण पटो न पटो, अनेक वर्षं त्या सभागृहात अलिबागचा उच्चार तरी होत होता. आधी २०२३ ला शिक्षक मतदारसंघ गेला होता. चरीच्या संपातून उभ्या राहिलेल्या लाल बावट्याची ती गोष्ट वेगळी आहे, कधीतरी सविस्तर लिहीन. इथे एवढंच, की एका बाजूने आपले आवाज हरले, ते लोकशाहीत चालतं. पण दुसऱ्या बाजूने आपली खुर्ची निवडणूक न होताच रिकामी झाली, ते चालत नाही. हरणं आणि निवडणूकच न होणं यात फरक आहे.

याचा माणसाच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, असं विचाराल तर एक छोटी गोष्ट. तालुक्यातल्या एका शाळेची कौलं गेल्या पावसात सरकली. गाव सांगणार नाही, मास्तरांना त्रास नको. आधी असं झालं की शाळा समितीवाले सदस्याच्या घरी जाऊन बसायचे. तो टाळाटाळ करायचा, पण त्याला पुन्हा मतं मागायला त्याच वाडीत यायचं असायचं, म्हणून काम व्हायचं. प्रशासकाच्या काळात अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. टेबलावरचा माणूस वाईट नाही. पण त्याची बदली होते, त्याला मतं मागायला यायचं नसतं. समितीतले एक म्हातारे नाना मला म्हणाले, "सायब चांगला हाय रं. पन तिकडं आपला कोन हाय?"

मित्राने ओटीवर इंग्रजी शब्द वापरून विचारलेला आणि नानांनी शाळेच्या पायरीवर विचारलेला, प्रश्न एकच.

आता थोडी आशा. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, चार आठवड्यांत स्थानिक निवडणुकांची अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका.  जिल्हा परिषदेची निवडणूक आली की नाक्यावर इच्छुकांचे बॅनर दिसायला लागतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा अचानक वाढतात. ते येतील, हात जोडतील, रस्ता, पाणी, स्ट्रीट लाईट बोलतील. बोलू द्या. पण आपण त्यांना दोन प्रश्न जास्तीचे विचारू या.

एक. तुम्ही निवडून आलात की विधान परिषदेसाठी मत द्याल. ते मत आमचं आहे, तुमच्याकडे ठेवायला दिलेलं. कोणाला देणार, का देणार, हे आम्हाला येऊन सांगणार का? की एसी बसमध्ये बसून फोन बंद करणार?

दोन. सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना या निवडणुकीत मत मिळावं, असा ठराव जिल्हा परिषदेत मांडणार का? हे ठरवायचं काम संसदेचं आहे, १९५० च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कोणत्या संस्था बसतात त्यावर आहे. जिल्हा परिषदेच्या ठरावाने कायदा बदलत नाही, माहीत आहे मला. महाड नगरपालिकेच्या ठरावानेही पाणी मिळालं नव्हतं. पण तो ठराव होता म्हणून पुढचं झालं.

तिसरी गोष्ट पदवीधर मित्रमैत्रिणींना. पुढच्या वेळी नोंदणी सुरू झाली की फॉर्म भरा. कोणी घरी येऊन भरून नेईल याची वाट बघू नका. रायगडच्या २६ लाखांत ५४ हजार नोंदणी हे कमी आहे. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याच्या वाटणीचंही तुमच्याकडे आहे, असं समजा.

३० जून २०२५ पासून मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू होणार होतं. वरच्या सभागृहात लक्षवेधी लागणार होत्या, तारांकित प्रश्न येणार होते, मच्छीमार, वाड्या, धूपप्रतिबंधक बंधारे, मुंबई-गोवा रस्ता यावर कोणीतरी बोलणारही होतं. पण रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणून जी जागा आहे, तिथून कोणी उठून उभं राहणार नव्हतं.

मित्र परत गेला. विमानतळावरून मेसेज आला, 'सिनेटर मिळाला का?' मी लिहिलं, 'जागा रिकामी आहे, जाहिरात दिलीय.' ही पोस्ट म्हणजे तीच जाहिरात समजा. पटलं तर पुढे पाठवा. काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करीन. फक्त कोणाच्या घरादारावर घसरू नका, आपल्याला उद्या एकाच एसटीत बसायचंय.